घोंगड्यांच्या यादीतलं कुटुंब

गेल्या दोन-तीन वर्षांत महाराष्ट्रात मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला. कुणबी नोंदी शोधायच्या म्हणून घरोघरी पणजोबांच्या नावाची चौकशी सुरू झाली. तहसील कचेरीतली बाडं, शाळांची जुनी रजिस्टरं, जन्म-मृत्यूच्या नोंदी, काय काय बाहेर निघालं. आपला खापरपणजोबा कागदावर सापडतो तो त्याने सारा भरला म्हणून, जमिनीचा फेरफार झाला म्हणून, नाहीतर पोराला शाळेत घातलं म्हणून. कागद सरकारी असला तरी त्यावर तो स्वतः असतो, नावानिशी, कुणाचा तरी मुलगा म्हणून.

आता समजा, तो जमीनमालकाच्या रकान्यात नाही, मालमत्तेच्या रकान्यात आहे. वर खेचरं, नांगर, मक्याची कणगी. खाली त्याचं नाव आणि पुढे किंमत. आडनाव नाही, बापाचं नाव नाही. अमेरिकेतल्या आणि कॅरिबियन बेटांवरच्या लाखो कृष्णवर्णीय कुटुंबांना आपले पूर्वज शोधायचे झाले तर अशाच कागदांकडे जावं लागतं. ज्याने विकत घेतलं त्याचीच डायरी, त्याचीच रोजकीर्द, त्याचंच मृत्युपत्र.

(हे सगळं सातासमुद्रापारचं आहे असं समजून आपण निवांत बसायचं कारण नाही. पेशवे दफ्तरात कुणबिणी आणि बटकी खरेदी केल्याच्या, त्यांच्या किमतीच्या नोंदी आहेत, आणि त्या कागदांत ‘कुणबीण’ म्हणजे दासी. पण तो स्वतंत्र विषय.)

अमेरिकेत घराण्याचा शोध घेणारे एका सालाला अडखळतात: १८७०. गुलामगिरी कायद्याने संपली डिसेंबर १८६५ मध्ये, तेरावी घटनादुरुस्ती झाल्यावर. त्यानंतरची पहिली जनगणना १८७० ची. तीत मुक्त झालेली माणसं पहिल्यांदाच सरसकट नाव-आडनावासह आली. त्याआधीच्या १८५० आणि १८६० च्या जनगणनांमध्ये गुलामांची वेगळी यादी होती खरी, पण तीत नाव असे ते मालकाचं. त्याखाली नुसत्या ओळी: वय ३५, स्त्री, काळी; वय १२, पुरुष, मिश्रवर्णी. १८६० साली असे सुमारे साडेएकोणचाळीस लाख लोक होते आणि मोजके अपवाद सोडले तर एकाचंही नाव त्या यादीत नाही. संशोधक याला ‘१८७० ची भिंत’ म्हणतात.

ही भिंत ओलांडायची तर आधी एकच गोष्ट शोधावी लागते, आणि ती सांगताना जीभ अडखळते. शेवटचा मालक कोण होता? आपल्या पणजीचं नाव शोधायचं असेल तर आधी तिच्या मालकाचं नाव शोधायचं. कारण तिच्याविषयी जे काही लिहिलं गेलं, ते त्याच्या नावाच्या फाइलीत आहे.

आडनावावरून मालक कळेल असं वाटतं, पण तिथेच पहिली चूक होते. मुक्त झाल्यावर पुष्कळांनी शेवटच्या मालकाचं आडनाव घेतलंच नाही. कुणी आजोबांच्या काळातल्या, दोन मालकांमागच्या मालकाचं आडनाव आपसांत जपलं होतं. मालकाच्या वहीत ते कधी चढलं नाही, पण वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. अशा आडनावाला ते ‘टायटल’ किंवा ‘एंटायटल’ म्हणत. म्हणजे १८७० साली कागदावर ‘नवीन’ दिसणारं आडनाव प्रत्यक्षात शंभर वर्षं जुनं असू शकतं.

मालक सापडायला मधल्या पाच-सात वर्षांचे कागद कामी येतात. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपता संपता, मार्च १८६५ मध्ये, अमेरिकन सरकारने मुक्त झालेल्यांसाठी एक खातं काढलं, फ्रीडमन्स ब्यूरो. त्याच्या दप्तरात मजुरीचे करार आहेत. त्याच मळ्यावर, त्याच माणसाकडे, आता पगारावर काम करण्याचे. खाली सही म्हणून फुली. त्याच काळात काही राज्यांनी गुलामगिरीत झालेली लग्नं नोंदवून घेतली. नवरा-बायको किती वर्षं एकत्र आहेत, मुलं किती, आणि व्हर्जिनियाच्या नोंदींत तर दोघांचे शेवटचे मालक कोण, हेही.

मार्च १८६५ मध्येच निघालेली फ्रीडमन्स बँक ही आणखी एक खाण. बँक १८७४ साली बुडाली आणि हजारो गरिबांची बचत घेऊन बुडाली. पण खातं उघडताना खातेदाराला आई-वडील, भाऊ-बहिणी, जन्मस्थान, आधीचा मालक असं सगळं विचारलं जाई. सही न येणाऱ्या माणसाची ओळख पटवायची कशी, तर घरच्यांची नावं विचारून. बँकेने आपल्या सोयीसाठी केलेली ही खबरदारी, पण त्यातून लाखो नावांची वंशावळ तयार झाली. पुढे या रजिस्टरांची सूची करायचं किचकट काम अमेरिकेतल्या युटा राज्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी वर्षानुवर्षं स्वेच्छेने केलं. कोंडलेल्या माणसांनी दुसऱ्या कोंडलेल्यांची नावं जुळवत बसावं, हे वाचून मी जरा थांबलो होतो.

मालक सापडला की खरं काम सुरू होतं, आणि इथे एक प्रश्न सतत हाताशी ठेवावा लागतो: ही नोंद मालकाला कशासाठी हवी होती? गुलामांचा इतिहास राहावा म्हणून कुणीच काही लिहिलेलं नाही. प्रत्येक ओळीमागे पैशाचा काही ना काही हिशेब आहे. तो ओळखला की ती ओळ काय सांगते आणि काय दडवते, दोन्ही कळतं.

सगळ्यात मोठा हिशेब होता मुलांचा. १६५६ साली व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीत एलिझाबेथ की नावाच्या बाईने कोर्टात स्वातंत्र्य मागितलं आणि ते तिला मिळालं. तिची आई आफ्रिकन गुलाम होती, बाप इंग्रज. इंग्रजी रिवाजानुसार मूल बापाच्या दर्जाचं. मालकवर्गाला हे परवडणारं नव्हतं. १६६२ साली व्हर्जिनियाने कायदा केला: मूल आईच्या दर्जाचं. आई गुलाम तर मूल गुलाम, आणि आईचा मालक तोच मुलाचा मालक. बाप कोण, याला कायद्यात किंमत उरली नाही. तो मालक स्वतः असला तरी. इतर वसाहतींतही हाच नियम चालला.

वह्या वाचताना या कायद्याची सावली पानोपानी दिसते. मूल कुणाच्या मालकीचं हे आईवरून ठरतं, म्हणून मालक आईचं नाव लिहितो. बापाचं लिहून त्याला काही मिळत नाही, म्हणून तो रकानाच नसतो. आपल्या वंशावळीत बायकांची नावं गाळलेली असतात, बापाकडून बापाकडे शाखा जाते. इथे नेमकं उलटं. आई, आजी, पणजी सापडतात आणि पुरुष हरवतात. त्यावरून ‘त्यांच्यात बाप नसायचेच’ असा निष्कर्ष पुष्कळ वर्षं काढला गेला. बाप होते. रकाना नव्हता.

आईनंतर महत्त्वाचं म्हणजे मालकाचं मरण. मालक वारला की कोर्टाने नेमलेली दोन-चार माणसं मळ्यावर येऊन चीजवस्तूंची यादी करत, आणि तीत प्रत्येक माणसाचं नाव आणि किंमत येई. अशा यादीत नावांचा क्रम नीट पाहायचा. मोजणारा माणूस बहुधा झोपड्यांच्या ओळीने गेलेला असतो. एक पुरुष, एक स्त्री, मग उतरत्या किमतीची चार नावं, तर ते एक घर असण्याची शक्यता बरीच. शेवटच्या म्हातारीपुढे किंमत शून्य. तिला तरी का लिहिलं? तिच्या खाण्या-कपड्याचा खर्च वारसांपैकी कुणाच्या तरी गळ्यात पडणार होता म्हणून.

त्यानंतर वाटणीपत्र होतं आणि तिथे घर फुटतं. मालकाच्या थोरल्या मुलाला बाप, धाकट्याला आई आणि कडेवरचं पोर, लेकीला सासरी जाताना आंदण म्हणून दहा वर्षांची मुलगी. म्हणून शोध घेणाऱ्याला मालकाच्या लेकी-जावयांचीही वंशावळ पाठ करावी लागते. मुलगी जिच्याबरोबर आंदण गेली, तिच्या नवऱ्याच्या नावाने पुढचे सगळे कागद असतात. याशिवाय गहाणखतं. कर्ज काढताना जमिनीबरोबर माणसंही तारण ठेवली जात, आणि सावकाराला ‘साधारण वीस नग’ चालत नसत. नावं लागत, वयं लागत.

डायऱ्यांचं तंत्र वेगळं. यादी कधीतरी एकदा होते, डायरी रोज. मालकाची किंवा मुकादमाची डायरी उघडली तर बहुतेक ओळी पाऊस, ऊस, कापूस आणि कुणाला ताप आला याच्या. अमकी आज बाळंत झाली, तमका शेजारच्या मळ्यावरून परवाना घेऊन आला. ही शेवटची ओळ लाखमोलाची. पुष्कळ नवरा-बायको वेगवेगळ्या मालकांकडे असत आणि नवरा शनिवारी रात्री परवाना घेऊन बायकोकडे येई. आईच्या मालकाच्या वहीत न सापडलेला बाप असा पाहुणा म्हणून सापडतो. मग त्याच्या मालकाचे कागद शोधायचे.

जगातल्या सगळ्यात तपशीलवार डायऱ्यांपैकी एक थॉमस थिसलवुडची. इंग्लंडच्या लिंकनशरचा हा माणूस १७५० साली जमैकात आला, उसाच्या एका मळ्यावर मुकादम झाला, पुढे स्वतःची जागा घेतली आणि १७८६ मध्ये मरेपर्यंत रोज लिहीत राहिला. हजारो पानं. आज ती अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. त्याने पावसाची मापं लिहिली, वाचलेली पुस्तकं लिहिली, दिलेले फटके लिहिले आणि ज्या स्त्रियांवर त्याने हात टाकला त्या प्रत्येक वेळची नोंद तुटक लॅटिनमध्ये केली. अभ्यासकांनी मोजून काढलेल्या स्त्रिया १३८. ज्याच्या कुणाच्या पूर्वजांची नावं या पानांत आहेत, त्याला ती अशा ओळींच्या शेजारीच वाचावी लागतात. वगळून वाचायची सोय नाही.

याच डायरीत फिबा आहे. ती थिसलवुडची नव्हे, तो जिथे मुकादम होता त्या मळ्याच्या मालकाची गुलाम होती. तेहेतीस वर्षं ती त्याच्या पानांत येत-जात राहते. १७६० साली त्यांना जॉन नावाचा मुलगा झाला. आई दुसऱ्याच्या मालकीची, म्हणून मुलगाही दुसऱ्याच्या मालकीचा. बापाला त्याची सुटका मागून घ्यावी लागली. जॉन विशीत वारला. थिसलवुडने मृत्युपत्रात फिबाला विकत घेऊन मुक्त करावं असं लिहिलं, आणि ती प्रत्यक्षात मुक्त झाली १७९२ साली, त्याच्या मरणानंतर सहा वर्षांनी. फिबाने स्वतः लिहिलेली एकही ओळ आपल्याकडे नाही. तिच्याविषयी जे ठाऊक आहे ते सगळं त्याच्या हातचं, आणि या दोघांमध्ये जे होतं त्याला काय म्हणायचं यावर अभ्यासक अजून भांडतात. मला विचाराल तर जिला नाही म्हणायचा हक्क नव्हता तिच्या बाबतीत ‘संसार’ हा शब्द वापरताना हात आखडता घ्यावा.

तिचं नाव मात्र त्याने दिलेलं नव्हतं. पश्चिम आफ्रिकेतल्या अकान लोकांमध्ये मुलाला जन्मवाराचं नाव देतात, आणि फिबा म्हणजे शुक्रवारी जन्मलेली मुलगी. कजो सोमवारचा, क्वाको बुधवारचा, कफी शुक्रवारचा. ठाणे-पालघरच्या पाड्यांवर सोम्या, मंगळ्या, बुध्या, शुक्री ही नावं ज्यांनी ऐकली आहेत त्यांना हे लगेच उमगेल. मालकाच्या यादीत सीझर, पाँपी, व्हीनस अशी थट्टेने ठेवलेली रोमन नावं आणि त्यांच्यामध्ये मध्येच एखादी फिबा दिसली, की तिथे कुठल्या तरी आईचं चाललं होतं, असं समजायचं.

नावांवरून बापही परत मिळवता येतात, आणि माझ्या मते या सगळ्या शोधातली ही सगळ्यात देखणी युक्ती आहे. साउथ कॅरोलायनात गुड होप नावाचा मळा होता. तिथल्या जन्मनोंदवहीत, नेहमीच्या रिवाजाविरुद्ध, आईबरोबर बापाचंही नाव लिहिलेलं होतं, अठराव्या शतकापासून थेट १८५७ पर्यंत. हर्बर्ट गटमन या इतिहासकाराने १९७० च्या दशकात ती वही घराघराने मांडून पाहिली. मुलांना बापाचं, आजोबांचं, काका-मामांचं नाव ठेवलेलं आढळलं. मुलीला आईचं नाव क्वचितच. मुलाला बापाचं मात्र वारंवार. त्यामागचं कारण ताडता येतं. आई बहुधा मुलापाशी राहणार, विकला जाण्याची भीती बापाची जास्त, म्हणून त्याचं नाव तरी घरात राहावं. आणखी एक: आजूबाजूच्या गोऱ्या मळेवाल्यांत चुलत-मामे भावंडांची लग्नं सर्रास होत, गुलामांमध्ये ती टाळलेली दिसतात. (आपल्याकडे मामाची मुलगी म्हणजे हक्काची, पण चुलत बहीण सख्खी. प्रत्येक समाजाचा सोयरिकीचा आपला कायदा असतो आणि तो मोडत नाही.) गुलामांना कुटुंबव्यवस्थाच नव्हती म्हणणाऱ्यांपुढे मालकाचीच वही ठेवता आली.

तेव्हा बापाचा रकाना नसलेल्या यादीतही एखाद्या बाईच्या पहिल्या मुलाचं नाव आयझॅक असेल आणि शेजारच्या झोपडीत मोठा आयझॅक असेल, तर पेन्सिलीने एक रेघ ओढून ठेवायची. पेन्सिलीनेच. शाई दुसरा पुरावा मिळाल्यावर.

दुसरा पुरावा बरेचदा अगदीच किरकोळ कागदातून येतो. घोंगड्या वाटल्याची यादी. बुटांच्या मापांची यादी. धान्याचा शिधा. मालकाला वाटप घराप्रमाणे करणं सोपं जाई, म्हणून या याद्या माणसांना घराघराने बांधून ठेवतात. १८४० च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेच्या दक्षिण भागात थॉमस ॲफ्लेकच्या छापील हिशेबवह्या मिळू लागल्या. कोणी रोज किती पौंड कापूस वेचला याचे रकाने त्यात आयते आखलेले, मागे जन्म-मृत्यू, आणि वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी प्रत्येक माणसाची किंमत. वेचणीच्या दिवसांत एखाद्या बाईचा रकाना तीन-चार आठवडे कोरा दिसला तर मागचं जन्माचं पान उघडावं.

हे सगळं जुळून आलं तर काय हाती लागतं, त्याचं एक उदाहरण. साउथ कॅरोलायनातल्या कूपर नदीकाठचा मळेवाला एलायस बॉल याने ३० जून १७५६ ला वहीत लिहिलं की चार मुलगे आणि दोन मुली ६०० पौंडांना घेतल्या. वयं त्याने अंदाजाने टाकली आणि नावं स्वतः ठेवली. त्यातली एक दहा वर्षांची, प्रिसिला. बॉल घराण्याला कागद जपायची फार खोड. पिढ्यान्‌पिढ्यांच्या जन्माच्या याद्या, घोंगड्या-कपड्यांचे हिशेब, सगळं राहिलं. प्रिसिलाला दहा मुलं झाली, ती १८११ साली वारली, आणि तिच्यापासून आजच्या चार्ल्स्टनमधल्या एका कुटुंबापर्यंत अखंड साखळी लागली. १९९० च्या दशकात बॉल घराण्यातल्याच एका पत्रकाराने ती लावली. पुढे न्यूयॉर्कच्या एका संग्रहात ‘हेअर’ नावाच्या जहाजाचे कागद मिळाले. एप्रिल १७५६ मध्ये ते पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनच्या बन्स बेटावरून निघालं होतं, आणि चार्ल्स्टनला त्यातली माणसं घेणाऱ्यांत एलायस बॉल होता. तिची सातव्या पिढीतली वंशज २००५ साली सिएरा लिओनला गेली. अशी साखळी लागणं अतिशय दुर्मीळ. आणि एवढं होऊनही प्रिसिलाचं आईबापांनी ठेवलेलं नाव सापडलेलं नाही. ते कुणी लिहिलंच नव्हतं.

बहुतेकांच्या नशिबी मधेच तुटलेली साखळी येते. १८०८ पासून अमेरिकेत बाहेरून गुलाम आणायला बंदी झाली, पण देशातला व्यापार वाढला. व्हर्जिनिया-मेरीलँडकडून खाली कापूस आणि उसाच्या मुलखात सुमारे दहा लाख माणसं नेली गेली. इथेही ‘हे कशासाठी लिहिलं’ हा प्रश्न कामी येतो. बंदीमुळे किनाऱ्याने जाणाऱ्या प्रत्येक जहाजाला सिद्ध करावं लागे की आपला माल परदेशी नाही. म्हणून जहाजावरच्या प्रत्येकाचं नाव, वय, उंची लिहावी लागे. १८३८ मध्ये मेरीलँडच्या जेझुइट पाद्र्यांनी २७२ माणसं १,१५,००० डॉलरला लुइझियानात विकली. त्यातला पैसा जॉर्जटाउनचं त्यांचं कॉलेज वाचवायला गेला. ‘कॅथरिन जॅक्सन’ जहाजाची यादी आणि चर्चची बाप्तिस्म्याची पुस्तकं शेजारी-शेजारी ठेवून आज त्या २७२ जणांचे हजारो वंशज शोधले गेले आहेत.

ब्रिटिश वसाहतींत काम त्या मानाने सोपं, कारण तिथे सरकारने नोंदवह्या सक्तीच्या केल्या. १८०७ च्या व्यापारबंदीनंतर चोरून गुलाम उतरवले जात नाहीत ना, हे पाहायला. त्रिनिदादपासून सुरुवात झाली, १८१७ पासून जमैकात दर तीन वर्षांनी यादी: किती वाढले, किती घटले, वाढले ते कोणत्या आईच्या पोटी. १८३४ ला गुलामगिरी संपली तेव्हा ब्रिटिश सरकारने दोन कोटी पौंड नुकसानभरपाई दिली. मालकांना. त्या दाव्यांचे कागदही आज शोधाला उपयोगी पडतात.

मॉरिशसमध्येही अशा नोंदवह्या आहेत. तिथे गुलामगिरी १ फेब्रुवारी १८३५ ला संपली आणि त्याच ऊसमळ्यांवर हिंदुस्थानातून गिरमिटिये, म्हणजे कराराने बांधलेले मजूर, आले. त्यात मुंबई बंदरातून गेलेली कोकणातली, देशावरची मराठी माणसंही होती. त्यांच्या नातवंडा-पणतवंडांना मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटच्या दप्तरात पूर्वजाचा क्रमांक सांगितला की जहाज, बापाचं नाव, जात आणि गाव कळतं, काहींचा फोटोसुद्धा मिळतो. त्या गावाचा पत्ता शोधत रत्नागिरीला येणारेही आहेत. त्याच मळ्यावर त्यांच्या आधी राबलेल्या माणसाच्या वंशजाला दुसऱ्या नोंदवहीत बघावं लागतं. तिथे एक नाव असतं, वय असतं, आईचं नाव असलं तर असतं, आणि गावाच्या जागी ‘मोझांबिक’ एवढा एक शब्द.